थोडं सहन कर

गेल्या आठवड्यात माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. धाकट्या बहिणीच्या डिलिव्हरीचा चौथा दिवस होता. पहाटे तीनला तिचा फोन आला, आवाज इतका बारीक की आधी वाटलं बाळालाच काही झालं की काय, तर म्हणाली, "ताई, दगड झालाय गं दोन्हीकडे, हात वर होत नाही आणि हा लागतच नाहीये." मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं, भुकेचं, चिडलेलं, मध्येच घसा कोरडा पडून थांबणारं. उजाडायच्या आत मी तिच्याकडे पोचले. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही काखांत काहीतरी धरून ठेवल्यासारखे हात अंगापासून लांब. छाती ताणून चकाकत होती, कातडीवर निळ्या शिरा उठलेल्या आणि उजव्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, काखेच्या जवळ बोटाच्या पेराएवढी गाठ हाताला लागत होती. मी हात धुतले, तळहातावर दोन थेंब तेल घेतलं आणि मला सगळं माहीत असून, हो, सगळं माहीत असून, माझा अंगठा सरळ त्या गाठीवर गेला आणि तिथेच रोवला गेला. ती कळवळली. आणि मी म्हणाले, "थोडं सहन कर, मोकळं होईल."

तिने ओढणीचा बोळा दातात धरला आणि गप्प झाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली म्हणून माझा हात थांबला, कारण ती गप्प होण्याची पद्धत मला ओळखीची होती. नऊ वर्षांपूर्वी मी अशीच गप्प झाले होते, मला हेच वाक्य कुणीतरी म्हटलं होतं, अगदी असंच, मायेने, डोक्यावर हात ठेवून. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की हे मी कधी कुणाला म्हणणार नाही. पण बोटाखाली गाठ लागली की हाताला काय होतं कोण जाणे, ती दाबून फोडून टाकावी असंच वाटतं. कणकेत गुठळी लागली की आपण दाबतो, दुखऱ्या खांद्यात गोळा लागला की अंगठा आपोआप तिथेच जातो. दुखतंय म्हणजे काहीतरी होतंय, असं कुठेतरी आत इतकं पक्कं बसलंय की ज्याने दुखत नाही ते औषधच नाही असं वाटायला लागतं.

माझ्या वेळचं सांगते. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं, पिवळसर घट्ट चीक येत होता, बाळ थोडंथोडं ओढत होतं, मला वाटलं जमलं आपल्याला. मग त्या रात्री एकदम छाती भरून आली. पान्हा फुटला, पान्हा फुटला म्हणून सगळे खूश, आणि मला मात्र वाटत होतं की कातडी आता उसवेल. कुशीवर वळता येईना. काखेतसुद्धा सूज आलेली, मी घाबरले की ही कसली गाठ, पुढे कळलं की दुधाच्या ग्रंथींचा एक शेपटासारखा भाग काखेपर्यंत गेलेला असतो, तोच फुगतो. बाळाला जवळ घेतलं की ते तोंड उघडायचं, यायचं आणि घसरायचं. फुगलेल्या फुग्याला तोंड लावल्यासारखं, धरायला काहीच नाही, कारण निपलच्या भोवतीचा काळसर भाग इतका टणक झाला होता की निपल आत सपाट होऊन गेलं होतं. ते दोनदा तीनदा प्रयत्न करायचं आणि मग मान मागे टाकून रडायचं, आणि ते रडलं की माझ्या छातीत आणखी कळ यायची, थेंब थेंब दूध कपड्यावर गळायचं आणि ज्याला हवं त्याच्या तोंडात मात्र काही नाही.

तेव्हा मदतीला एक बाई आल्या. अनुभवी होत्या, हात भरभर चालायचे, शेकडो बायकांना त्यांनी मदत केली असणार आणि मनाने खरंच चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. त्यांनी आधी कडकडीत गरम फडक्याने शेकलं, मग दोन्ही अंगठे गाठीवर ठेवून कडेपासून निपलपर्यंत असं दाबत आणलं की मला डोळ्यांपुढे पांढरं दिसलं. पुन्हा. पुन्हा. "थोडं सहन कर गं, दूध साकळलंय, ते फोडलं नाही तर पू होईल." मी खिडकीच्या जाळीची भोकं मोजत होते. एका ओळीत बावीस होती, नऊ वर्षं झाली तरी मला तो आकडा आठवतो. थोडं दूध आलंही, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की बरोबर चाललंय, मलाही वाटलं. संध्याकाळी बघितलं तर तिथे अंगठ्यांचे निळे डाग, गाठ होती तिथेच, उलट दुप्पट, आणि रात्री हुडहुडी भरून ताप.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक सिस्टर आल्या, वयाने मोठ्या, स्तनपानाचं खास शिक्षण घेतलेल्या. ताप मोजला, डाग बघितले, कुणालाही काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उताणी झोप. डोक्याखाली एकच उशी." मी आधीच दात आवळले होते, मुठी वळल्या होत्या, ते त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "मी हात लावायच्या आधी तू एक कर. डोळे मीट आणि आपल्याच पापणीवर बोट ठेव. आता पापणीची कातडी हलव, पण डोळ्यावर दाब द्यायचा नाही." मी तसं केलं. "एवढाच जोर. ह्यापेक्षा जास्त लागला तर मला थांबव."

पापणीवरचं बोट. मला ह्या सगळ्या विषयातलं शिकायचं ते तिथेच शिकायला मिळालं.

त्यांनी सुरुवात छातीपासून केलीच नाही. आधी गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात बोटांनी बारीक गोल गोल, आठ-दहा वेळा, मग काखेच्या खोलगट भागात तसंच. मला कळेना की दुखतंय कुठे आणि ह्या करतायत काय. मग सपाट हाताने, बोटं न रोवता, निपलकडून वर गळ्याच्या हाडाकडे आणि बाहेर काखेकडे, नुसतं फिरवत नेलं, झोपलेल्या मांजरीच्या पाठीवरून फिरवतो तसं. मला आधी खरंच काही होतंय असं वाटेचना. त्या काम करता करता बोलत होत्या. म्हणाल्या, आता जे गच्च झालंय ते सगळं दूध नाहीये, दूध सुरू होताना तिकडे रक्त जास्त धावतं, पेशींच्या मधे पाणी साठतं, आणि बाळंतपणात सलाइन खूप चढवलं असेल तर आणखी. ती सूज आहे, आणि सूज निपलमधून बाहेर येत नाही, ती जाते लसिकेच्या, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून, आणि त्यातल्या बहुतेक नळ्या काखेकडे जातात. म्हणून आधी पुढचा रस्ता मोकळा करायचा, मग मागची गर्दी तिकडे सरकवायची. त्या नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात, सायीसारख्या नाजूक, आणि अंगठ्याने दाबलं की त्याच आधी मिटतात. म्हणाल्या, पाइपवर पाय ठेवून पाणी का येत नाही म्हणून विचारण्यातला प्रकार आहे हा.

किती वेळ झाला आठवत नाही, अर्धा तास तरी असेल. मधे एकदा मला झोप लागली, तीन रात्रींनंतर पहिल्यांदा. जागी झाले तेव्हा काखेतला ताण उतरला होता, हात खाली टेकत होता. मग त्यांनी दुसरं काम केलं. दोन्ही हातांची बोटं निपलच्या अगदी मुळाशी गोल ठेवली, फुलाच्या पाकळ्या असतात तशी, आणि सरळ आत, फासळ्यांच्या दिशेने, हळूच दाबून धरली. रगडणं नाही, ओढणं नाही, फक्त धरून ठेवणं, मिनिटभर, मग बोटं थोडी फिरवून पुन्हा मिनिटभर. बोटं उचलली तेव्हा त्या टणक गोल भागावर बोटांचे खळगे उमटले होते, ओल्या मातीवर उमटतात तसे, आणि तेवढी जागा मऊ झाली होती, निपल पुन्हा वर आलं होतं. तिथली सूज मागे सरकली होती म्हणून. मग हाताने दोन-चार थेंब काढले आणि बाळाच्या ओठाला लावले. त्याने तोंड मोठं उघडलं आणि ह्यावेळी घसरला नाही. आधी भरभर, मग थांबून थांबून, आणि मग तो आवाज, घुटका गिळल्याचा, छोटासा 'क्' असा. मी रडत होते. सिस्टर काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त माझा खांदा खाली केला, मी तो कानाला लावून बसले होते.

नंतर त्यांनी कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवायला सांगितला, मला नवल वाटलं, कारण तोपर्यंत जो येईल तो गरम शेक म्हणत होता. पाजायच्या आधी कोमट पाण्याने बरं वाटत असेल तर घे, पण सूज आहे तोवर गरमाने रक्त आणखी धावतं, म्हणून नंतर गारच. आणि डॉक्टरांना दाखवायलाच लावलं, मसाजवर भागवलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ताप चढतोय, कातडीवर लाल गरम पट्टा दिसतोय, अंग फ्लू आल्यासारखं मोडून आलंय आणि एका दिवसात उतार नाही, तर हात बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. पू धरला असेल तर तिथे मसाज करायचाच नसतो. मला औषधं लागली, त्यांनी अंगावरचं पाजणं थांबलं नाही, त्या बाजूचंही नाही, आणि त्या दुधाने बाळाला काही झालं नाही.

त्या पहिल्या बाईंचा मला पुढे बरेच दिवस राग येत होता. डाग जायला दोन आठवडे लागले, रागाला जास्त. आता तो तसा राहिला नाही, कारण नंतर मी ह्या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले आणि मला कळलं की त्या एकट्या नव्हत्या, पुस्तकंच तशी होती. ॲस्टली कूपर नावाच्या इंग्लिश सर्जनने १८४० मध्ये स्तनाच्या रचनेवर मोठं काम छापलं, आणि त्याच्यापासून चालत आलेलं चित्र असं की पंधरा-वीस नळ्या निपलकडे येतात आणि निपलच्या मागे त्यांच्या छोट्या पिशव्या असतात, तिथे दूध साठतं. किती वर्षं तेच चित्र शिकवलं गेलं बघा. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या बायकांची अल्ट्रासाउंड केली तेव्हा दिसलं की निपलपाशी नळ्या सरासरी नऊच्या आसपास असतात, त्या पिशव्या काही दिसल्या नाहीत, आणि नळ्या कातडीच्या जवळ असतात, सहज दाबल्या जातील अशा. म्हणजे पिशवीत साकळलेलं दूध अंगठ्याने पुढे ढकलायचं, ही कल्पनाच ज्या चित्रावर उभी होती ते चित्र बरोबर नव्हतं. आणि पुढे २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन ह्या डॉक्टरांच्या संस्थेने स्तनाच्या सुजेवरच्या आपल्या सूचना बदलल्या, त्यात स्पष्ट सांगितलं की खोल, जोराचा मसाज करू नका, त्याने सूज वाढते आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, हात लावायचा तर कातडीवरून हलका फिरवा. आणि पंप लावून छाती 'रिकामी' करत बसू नका, जितकं काढाल तितकं शरीर जास्त बनवत राहतं. ते वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि माझा हात आपोआप त्या जागेवर गेला जिथे डाग होते.

मला वाटतं त्या बाईंनाही कुणी अंगठे रोवूनच शिकवलं असणार.

पाचव्या महिन्यात मला पुन्हा गाठ झाली होती, त्या वेळी कारण साधं होतं, मुलगा रात्री पहिल्यांदा सलग सहा तास झोपला आणि मी घट्ट कपड्यातच पालथी झोपून गेले. सकाळी डावीकडे खालच्या बाजूला कडक लांबट फोड असावा तसं काहीतरी. एकटीच होते. पापणी आठवली, गळ्याचं हाड, काख, सगळं क्रमाने केलं, बाळाला नेहमीसारखंच पाजलं, त्या बाजूला जास्त नाही की कमी नाही, गार ठेवलं. पहिल्या दिवशी फरक पडला नाही आणि माझा धीर सुटत आला होता, अंगठा शिवशिवत होता म्हणा ना. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की मी सकाळपासून त्या गाठीकडे बघितलंच नाहीये. कधी विरली ते कळलं नाही. हेच अवघड असतं, जोर लावला की निदान काही केल्यासारखं वाटतं, हलक्या हाताने केलेलं आपल्यालाच दिसत नाही.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट वेगळी. तिचं बाळ दोन महिने आधी आलं, काचेच्या पेटीत, आणि ती पलीकडच्या खोलीत दर तीन तासांनी पंप लावून बसायची. बाटलीच्या तळाशी जेमतेम रेघ. तिला पंप ओझं वाटायचा, म्हणायची मशीन माझ्याकडून वसुली करतंय. मग तिला कुणीतरी शिकवलं की पंप लावायच्या आधी हाताने हलकं गोंजार, पंप चालू असताना दुसऱ्या हाताने जिथे भरल्यासारखं वाटतं तिथे हळू धर आणि सोड, आणि शेवटी थोडं हाताने काढ. ह्यावर स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचं २००९ चं काम आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर, हात आणि पंप मिळून दूध खूप वाढलेलं दिसलं. पण मैत्रीण म्हणते तिला आठवतं ते दुसरंच, की बाळाची वापरलेली टोपी नाकाशी धरली आणि हात फिरवला की ती झिणझिणी यायची, पान्हा दाटून यायचा, आणि पहिल्यांदा तिला वाटलं की हे अंग आपलं आहे. ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे होतं ते, दुधाच्या ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळून तेच दूध पुढे ढकलतं. वासाने येतं, बाळाच्या आवाजाने येतं, ऊबदार हाताने येतं. आणि भीतीने, दुखण्याने अडतं. म्हणजे जिथे दूध यावं म्हणून आपण दात आवळायला लावतो तिथेच ते अडवतोही.

हे सगळं मला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं. आणि तरी बहिणीच्या गाठीवर अंगठा रोवला, कारण ती माझी बहीण होती आणि मला तिचं दुखणं आत्ता, लगेच संपवायचं होतं. घाई होती मला. तिच्यापेक्षा मला जास्त. कदाचित त्या बाईंनाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असेल, हा विचार मला ह्या आठवड्यात पहिल्यांदा आला.

मी हात काढल्यावर तिने ओढणी तोंडातून काढली आणि विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "नाही, मी चुकीचं करत होते. उताणी हो." तिचा नवरा दारात गरम पाण्याची पिशवी घेऊन उभा होता, बिचारा रात्रभर काय करू काय करू करत होता, त्याला सांगितलं फ्रीजमधून बर्फ काढ आणि पातळ कपड्यात गुंडाळ. मग तिला म्हटलं डोळे मीट, पापणीवर बोट ठेव. ती हसली आधी, कसंनुसं. मी म्हटलं आता मी नाही लावणार हात, तू लाव, मी वरून धरते. तिचा हात तिच्या गळ्याच्या हाडावर ठेवला, माझा तिच्या हातावर, आणि तशा आम्ही दोघी हळूहळू, खळग्यातून काखेत, काखेतून परत, मग सपाट हाताने वर आणि बाहेर. तिच्या बोटांचा जोर माझ्यापेक्षा कमी होता. तिला कुठे थांबायचं ते माझ्या आधी कळत होतं, गाठीजवळ आलं की तिचा हात आपोआप हलका व्हायचा, बाजूने वळसा घालून जायचा. मी नुसती सोबत करत होते.

मधेच डोळे मिटलेले ठेवून ती म्हणाली, "ताई, मघाशी तू सहन कर म्हणालीस ना, तेव्हा तुझा आवाज तुझा वाटला नाही." मी काही बोलले नाही बराच वेळ. मग तिला ते सगळं सांगितलं, निळे डाग, जाळीची बावीस भोकं. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती तेव्हा कॉलेजात होती, भाच्याला बघायला आली होती, माझ्या पलंगाच्या कडेला बसून त्याचे फोटो काढत होती आणि मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. "का नाही सांगितलंस?" म्हणाली. खरंच, का नाही सांगितलं. दूध नीट येत नाही, छातीला हात लावू देता येत नाही, हे सांगायला लाज वाटत होती, आणि सगळ्यांचं होतं तसंच हे, असंही वाटत होतं.

बाळ उठलं. तिने उठून बसताना मला हात देऊ दिला नाही, स्वतःच सरकून टेकली, पाच बोटं मुळाशी गोल ठेवली, मी दाखवायच्या आधीच, आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर धरली. गाठ अजून होती. दुसऱ्या दिवशीही थोडी होतीच, तिसऱ्या दिवशी गेली. पण त्या सकाळी तो लागला. आम्ही तिघंही श्वास धरून बसलो होतो, तिचा नवरा बर्फाचं फडकं हातात तसंच धरून, फडक्यातून पाणी टपटप जमिनीवर पडतंय आणि कुणाचं लक्ष नाही. आधी नुसतं ओढणं, ओढणं, ओढणं. मग तो आवाज आला.

तिने माझ्याकडे बघितलं. बाळाची वळलेली मूठ तिच्या छातीवर टेकलेली होती, ती हळूहळू सैल पडत होती, आधी करंगळी, मग बाकीची बोटं.